एबेन कुणाच्या बाजूचा

फिलाडेल्फिया, ६ मे १७९३

एबेन गेला! मला न सांगता फ्रेंचांच्या लढाऊ जहाजावर नाव नोंदवलं आणि ओहोटी लागताच निघूनही गेला. आमचं लग्न सप्टेंबरात! बाबा आमच्या बेकरीच्या भट्टीपुढे कपाळाला हात लावून बसले. "अगं, अध्यक्षांचं फर्मान नुकतंच निघालंय. इंग्लंड-फ्रान्सच्या लढाईत आपण कुणाच्याच बाजूचे नाही. जो जाईल त्याच्यावर खटला!"

११ मे

उन्हात पिठाची धूळ तरंगते आणि मला शिडं दिसतात. आज खलाशांची बिस्किटं जळली. बाबा ओरडले नाहीत — तेच जास्त लागलं.

३ जून

आला! पकडलेलं इंग्रजी जहाज घेऊन आमच्याच धक्क्यावर, छाती काढून. उतरताच बेड्या.

९ जून

तुरुंगात भेटले. किती वाळलाय! म्हणे, "टॅबी, आपल्या स्वातंत्र्याच्या लढाईत फ्रेंच आपल्यासाठी मेले. त्यांच्याशी तह आहे आपला. अध्यक्ष एकटे कसे ठरवणार? कायदे करणाऱ्या काँग्रेसला विचारलं?"

"आणि तू मला विचारलंस?"

हसला. तो असा हसला की माझं भांडणच संपतं. मेला!

२ जुलै

वर्तमानपत्रात मोठी माणसं रोमन टोपणनावं घेऊन भांडतायत — तह करायचा कुणी, मोडायचा कुणी, लढाई ठरवायची कुणी. बाबा मोठ्यानं वाचतात आणि चिडतात, "स्वतःचं नाव घालायला हात मोडलेत का यांचे?"

मी अर्धंच ऐकते. मनात घर लावत असते. चुलीजवळ त्याची खुर्ची. खिडकी बागेकडे. नदीकडे नको, अजिबात नको.

२८ जुलै

पहाटे स्वप्न. एबेनच्या खटल्याचा निकाल देणारे बारा पंच एका होडीत. वल्हं कुणीच मारत नाही, तरी होडी आमच्या अंगणातून हळूहळू चाललीय. एबेन काठावर, माझा हात धरून. जाग आली तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या. देवा, सुटू दे त्याला.

२९ जुलै

निर्दोष! न्यायाधीश म्हणत होते, गुन्हा आहे. पंचांनी ऐकलं नाही — असा कायदा काँग्रेसनं केलाय कुठे? रस्ताभर टोप्या उडाल्या. लोकांनी त्याला खांद्यावर उचलून खानावळीत नेलं. मी एका अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडले. बाबासुद्धा म्हणाले, "उद्या जेवायला आण जावयाला."

३० जुलै

जेवायला बोलवायला त्याला शोधत धक्क्यावर गेले. काल संध्याकाळीच तो दुसऱ्या फ्रेंच जहाजावर चढला म्हणे. कायदा नाही ना, मग अडवणार कोण?

शिक्षा व्हायला हवी होती त्याला.