व्हिटॅमिन सी, ई आणि आठशे मीटर

१ डिसेंबर, पहाटे
पोलीस भरतीची तयारी सुरू. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पहिली वर्दीही माझीच. नानांनी गल्लीभर सांगून ठेवलंय, आता माघार नाही. व्हिटॅमिन सी आणि ई आणलं. पोटऱ्या दुखणार नाहीत. सोबत म्हणून दिपमाला वहिनीनंही फॉर्म भरलाय. बिचारी.

३ डिसेंबर
दोघी पळालो. वहिनी मागे राहिली. तिला गोळ्या द्यायच्या नाहीत असं ठरवलं. तुलनेला एक बिनगोळ्यांची बाई लागते. शास्त्रात असंच करतात.

८ डिसेंबर
पोटऱ्या अजिबात दुखल्या नाहीत. पळणं अधूनमधून हुकलं, गोळी एकदाही नाही.

१५ डिसेंबर
भयंकर वाचलं. व्यायामानं स्नायूंवर ताण येतो, त्यातूनच ते तयार होतात. सी, ई सारख्या अँटिऑक्सिडंटचे मोठे डोस तो ताणच पुसतात, मग सुधारायचा निरोप स्नायूंना पोचणार कसा? काही अभ्यासांत फरक दिसला नाही असंही पुढे होतं, पण तोवर डोळे मिटायला लागले.
गोळ्या बंद. डब्या फडताळात.

१६ डिसेंबर
गोळ्या अंगातून पूर्ण निघेपर्यंत पळणं बरोबर नाही. वहिनी एकटी गेली. नाना म्हणाले, बठ्ठं वाची टाकं, आते पयशी कव्हय? मी म्हटलं, नाना, कधी पळणार काय विचारता, पळणं कोणालाही येतं, काळजी घेणं येत नाही.

२८ डिसेंबर
मळ्यात भरीत पार्टी. वांग्यातही अँटिऑक्सिडंट! लिंबू कटाक्षानं टाळलं. भरीत वहिनीनं केलेलं, तीनदा घेतलं, नाहीतर तिला वाईट वाटलं असतं.

१२ जानेवारी
वहिनी फार पुढे जाते. तिचे स्नायू निर्मळ आहेत. थंडी ओसरली की मीही जोर लावणार.

९ फेब्रुवारी, धुळे
मैदानी चाचणी झाली. आठशे मीटर संपवून मी पोचले तेव्हा पुढची बॅच रेषेवर उभी होती.

१४ फेब्रुवारी, दोंडाईचा
यादी लागली. वहिनी लेखीला पात्र. मी नाही.
कारण स्वच्छ आहे, डिसेंबरातल्या गोळ्या. चहाच्या वेळी सगळ्यांना नीट समजावलं. वहिनी चुळबुळत होती. म्हणाली, ताई, रागावू नका, फडताळातल्या त्या गोळ्या मीच खाल्ल्या. वाया कशाला घालवायच्या?
किती खाल्ल्या, विचारलं.
बठ्ठ्या, म्हणाली. संपल्या तेव्हा अजून आणल्या.
नाना कपात बघत हसत होते.
निष्कर्षाची जागा तूर्त कोरी ठेवली आहे.