स्वदेशी चिप आणि अस्मादिक

४ मार्च २००७, रवि. हेन्डरसन
भारत सरकारने सेमीकंडक्टर धोरण जाहीर केले. देशात चिप घडवणाऱ्या कारखान्यास सरकार आर्थिक साहाय्य देणार. वार्ता पुण्याहून अवि या जुन्या सहकाऱ्याची. एक नवी कंपनी सिलिकॉनच्या चकतीवर प्रत्यक्ष काम केलेली माणसे शोधते आहे.
"गाढवा, जन्मभर तिकडे दुसऱ्यांच्या चिपा तपासत बसणार का?"
आक्षेप सत्य. तारुण्यात अस्मादिक अशा चकत्यांवर चिपा घडवत. येथे परदेशी चिपा सर्किट बोर्डावर नीट बसल्या की नाही, हे पाहणे एवढेच जीवितकार्य. अर्ज धाडला.

११ मार्च, रवि.
सौ. फार्मासिस्ट, निदान तत्काळ.
"कारखाना कुठे आहे?"
"व्हायचा आहे."
"म्हणजे औषध निघालं नाही, आणि तुम्ही डोस ठरवताय."
तथापि मुलाखत ठरली: दूरध्वनीवर, गुरु. २२, भारतीय वेळेनुसार सकाळी अकरा. उजळणी आरंभली. अर्धे विस्मरणात. उरलेले अर्धे पुरवावे लागेल.

१८ मार्च, रवि.
येथे दक्षिण गोलार्धात उन्हाळा सरला; डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यापुरती तासभर पुढे ढकललेली वेळ, समाप्त. गृहातील यच्चयावत घड्याळे स्वहस्ते एक तास मागे घेतली.

२२ मार्च, गुरु.
घात. स्वयंपाकघरातील पुण्याच्या वेळेचे घड्याळ दहा दाखवत होते, म्हणून निश्चिंत मनाने सायंस्नानास गेलो. फोन वाजला. कन्येचा स्वर: "डॅड्ज इन द शॉवर. कॅन ही कॉल यू बॅक?"
रविवारच्या कर्तव्यतत्परतेत पुण्याचे घड्याळही मागे घेतले होते.
सौ.: "अहो, भारतात कधी डेलाइट सेव्हिंग होतं का?"
चकत्या भाजण्याच्या भट्टीची वेळ सेकंदाबरहुकूम पाळतो, असे अर्जात लिहिणारा मनुष्य पूर्ण एका तासाने चुकला. ओल्या केसांनी फोन लावला, तो मुलाखतीची समिती उठलेली. विनोद सुचला नाही.

२३ मार्च, शुक्र.
कामावरून येताच समितीस पुन्हा फोन लावला. घडले ते जसेच्या तसे कथन केले. समितीतल्या बाई हसल्या, मग थेट विचारत्या झाल्या: क्लीनरूममध्ये शेवटचे कधी?
"सोळा वर्षांपूर्वी."
"तंत्र पार बदललंय."
"मान्य. पण धुळीच्या एका कणाने चकती तेव्हाही वाया जायची, आताही जाते. कण शोधणं मला येतं."
बाईंनी सांगितले: सहा महिन्यांचा करार. जागा अद्याप अनिश्चित. जोखीम तुमची. आठ दिवसांत कळवा.

३० मार्च, शुक्र.
होकार कळवला.

१ एप्रिल, रवि.
तिथी हास्यास्पद, निश्चय नव्हे. अवोन्डेलच्या बाजारात मेथी निवडताना सौ. म्हणाली, "सहा महिने जा. एक तरी भिंत उभी राहिली की फोटो पाठवा. मग माझ्या नोकरीचं बघू."
कन्या: "सो यू'ल मेक चिप्स? लाइक, ॲक्च्युअली?"
"आधी भिंत."
"स्वीट ॲज." (इकडच्या बोलीत: झकास.)
उद्या साहेबांकडे बिनपगारी रजा मागणे आहे. नाही म्हणाले, तर राजीनामा टंकून तयार. अविला विचारले, कारखान्याचे गाव ठरले का? "दोन राज्यांशी बोलणी चाललीयेत."
मुंबईपर्यंतचे तिकीट काढले. पुढे कोणती गाडी, ते गाव ठरल्यावर.