पोशीचं उत्तर

ती. बाबांना,

प्रतिभाचा खोडाळ्याहून नमस्कार. माझा खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे?

सहामाहीच्या तोंडावर वर्गात हसण्यावरची एक कविता शिकवली. चार कडवी, प्रत्येकाच्या शेवटी सखीला ‘हस ना, हस’. या ध्रुवपदाने आनंद वाढतो, असं मी सांगितलं. मागच्या बाकावरची पोशी उठून म्हणाली, “बाई, ती पहिल्यांदाच हसली असती तं चारदा कशाला सांगावं लागतं?” वर्ग खिदळला. मीही हसले. “बस खाली, शहाणे!”

पेपरात तिने लिहिलं, ‘या कवितेत कोणीच हसत नाही.’ नमुना उत्तरात ‘आनंद’ होता. मी शून्य दिलं.

दिवाळीनंतर ती आलीच नाही. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या गोजाबाई म्हणाल्या, “तिची आय भादव्यातच गेली, बाई. बापाने पोरीला वीटभट्टीवर नेली, रांधायला.”

कवितेची बांधणी आधी बघ, अर्थ तिथेच असतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. तिने बघितली. मी बघितली नाही.

काल शून्य खोडून पूर्ण गुण दिले. तुम्ही कधी असा पेपर पुन्हा तपासलात का? पोशीचा पेपर माझ्याच कपाटात आहे. भट्टी कुठली, ते तिच्या पाड्यावर कुणालाच सांगता आलं नाही.

रविवारी पुन्हा विचारून येईन. गुडघा शेकत जा.

तुमची,
प्रतिभा