काळ्या लाखेची बिस्किटं

थॉर्नबेक,
ऑक्टोबरातला सोमवार

प्रिय केझाया,

अनेक आशीर्वाद. तुमच्या हल गावाहून गाडीवान जोनस आला आणि तुला दिवस गेल्याचं त्यानं भर दुकानात सांगून टाकलं. म्हणजे माझ्या आधी ते लोहाराच्या बायकोला कळलं, कारण ती दाराशी उभी होती आणि मी आत भट्टीपाशी. आईला असली बातमी गाडीवानाच्या तोंडून ऐकावी लागते, बरं, असो. रागवायला गेले आणि रागच येईना. आनंदाच्या भरात पिठात दोनदा मीठ घातलं. तुझ्या एनॉकला म्हणावं, बायकोला पाण्याच्या बादल्या उचलू देऊ नकोस. आणि एक आधीच सांगते, मग पुढचं वाच नाहीतर चुलीत घाल. दोन वर्षं झाली, तू या घराचा उंबरा चढलेली नाहीस. पहिलं बाळंतपण माझ्या हातून झालं. हेही इथंच व्हावं, एवढंच मला हवंय.

इथं सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, भट्टीला नव्या विटा बसवल्या, मांजरीनं पुन्हा पिठाच्या खोलीत पिलं घातली, तीही बाबांच्या पुस्तकांच्या न खपलेल्या गठ्ठ्यावर. बाबा मजेत जेवतात, मजेत झोपतात, आणि पोट इतकं सुटलंय की एप्रनच्या नाड्या पुरत नाहीत. गेल्या महिन्यात लीड्सहून एक तरुण गृहस्थ त्यांना शोधत आला होता. बाबांचं ते थडग्यांवरच्या कवितांचं पुस्तक त्याला कुठं मिळालं देव जाणे, पण पाठ होतं त्याला सगळं. स्वतः वाळलेला, काळा कोट, चेहरा असा की मला वाटलं, याला आधी काही खायला घालावं. बाबा भुवयांना पीठ लागलेलं आणि हातात मटणाचा पाव घेऊन बाहेर आले. तो बिचारा टोपी काढून हळूच विचारतो, “आपण दफनभूमीत बसून लिहिता का?” बाबा म्हणाले, “छे हो, तिथं फार गारठा असतो. मी इथं भट्टीपाशी बसतो.” मी दिलेला पाव खाऊन त्यानं दुसराही मागून घेतला, पण निराश होऊन गेला.

बाबा भुतांवर एवढं लिहितात आणि कोळशाच्या तळघरात एकट्यानं उतरत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू राखावी लागते. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, ही माझ्याजवळ उभं राहायची सबब असेल. नाही गं, खरंच भितात. लहानपणी अंधारात जे जे दिसायचं त्याला नाव दिलं, यमकात बसवलं, की ते चावत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तर त्यांच्या कविता इतक्या काळ्या आणि माणूस इतका हसरा. पाद्रीबाबांना हे कधी कळलं नाही. ते अजून त्या पुस्तकाला सैतानाचं पाठांतर म्हणतात, आणि स्वतःच्या बहिणीच्या मयताला वाटायची बिस्किटं मात्र आपल्याकडूनच नेली, बाबांच्या ओळींसकट.

तुला आठवतं ना, मयताला आलेल्यांना वाटायची बिस्किटं आपण बाबांच्या ओळी छापलेल्या कागदात बांधून काळ्या लाखेनं बंद करतो, तर म्हातारी माणसं जिवंतपणीच आपल्या बिस्किटांचा कागद पसंत करायला यायची? नॅनी थॅक्रे तर दर वसंतात यायची. बाकावर बसून म्हणायची, “अरे जेबेझ, वाच माझं.” बाबा वाचायचे:

घुबड म्हणे, ये गं बाई, थडगे झाले गार,
किडे बसले पंगतीला, उघड आतले दार.

“किडे नकोत रे मला,” ती म्हणायची, “घुबड चालेल. घुबड घरंदाज असतं.” मग बाबा बदलून द्यायचे आणि ती एक गरम पाव चापून खुशीत घरी जायची. मेली तेव्हा सगळ्या गावानं तिचा कागद उघडून आधी किडे आहेत का ते पाहिलं. लोकांना बाबांच्या ओळींचं भय कधी वाटलंच नाही. काळी लाख फोडायची, वाचायचं, थोडं शहारायचं आणि बिस्किट चहात बुडवायचं.

आणि तुझा सायलस गेला तेव्हा कागद कोरा गेला. हे आपण दोघी कधी बोललो नाही. मी बिस्किटं भाजली, लाख लावली, पण आत एक अक्षर नव्हतं. तू दाराशी उभी राहून म्हणालीस, “गावातल्या दारुड्यालाही बाबा चार ओळी देतात. माझ्या लेकराला एक नाही?” बाबा पुड्यांचे दोरे कापत राहिले. तू गाडीत बसलीस. मी तुला दोष देत नाही, तुझ्या जागी मीही गेले असते. मलाही त्यांचा राग आला होता, आणि विचारलं की ते लाकडं आणायला उठून जायचे. त्या दिवसापासून त्यांनी नवी ओळ लिहिली नाही. जुनीच छापून देतात. लोक कुरकुरतात. परवा सुताराची बायको म्हणाली, “माझ्या सासऱ्याला तेच घुबड, माझ्या दिरालाही तेच. आमच्या घराला काय घुबड लागलंय?”

आता गेल्या आठवड्यातला घोटाळा ऐक. घड्याळजी ओबेडाया गेला आणि त्याच दिवशी गिरणीवाल्यांकडे नातू झाला. म्हणजे इकडं मयताची बिस्किटं, तिकडं बाळ झालं म्हणून आसपासच्या शेतांवर वाटायचा, लाल दोऱ्यात बांधलेला आल्याचा केक. मी गुडघा धरून वर पडले होते, म्हणून पुड्या बाबांनी बांधल्या. चष्मा कपाळावर ठेवून. घड्याळजीकडे लाल दोऱ्यातली बिस्किटं गेली आणि बाळाच्या केकवर घुबड आणि काळी लाख. घड्याळजीची बायको एवढंच म्हणाली, त्यांना लाल रंग आवडायचा. पण गिरणीवर दुपारपर्यंत सगळ्या शेतांवरची माणसं बाळ गेलं समजून काळे कपडे घालून रडत हजर, आणि आत बाळ गिरणीच्या आवाजावर आवाज काढून रडतंय. संध्याकाळी त्याची आजी डॉर्कस तरातरा दुकानात आली. “अहो कविराज,” म्हणाली, “हे घ्या तुमचं मयत. जरा वजन बघा त्याचं.” आणि बाळ सरळ बाबांच्या हातात.

मी जिन्यात उभी राहून पाहत होते. बाबांनी त्याला धरलं, त्यानं बाबांचा एप्रन भिजवला, आणि बाबा हसायला लागले. इतके हसले की डॉर्कसही हसली. मग हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते रडले, बाळाला धरून, गिऱ्हाइकांसमोर. दोन वर्षांत पहिल्यांदा ते म्हणाले, “आमचा सायलसही जन्मला तेव्हा एवढाच होता.” डॉर्कसनं बाळ परत मागितलं नाही, बाकावर बसून राहिली.

दुकान बंद केल्यावर मी न विचारता ते आपणहून बोलले, आणि ते तुला कळावं म्हणून हे पत्र आहे. ते म्हणाले, “थर्झा, सायलससाठी मी लिहायला बसलो होतो गं. दिवसभर बसलो. माझ्याजवळ काय होतं? घुबडं, किडे, कवट्या. सगळी माझीच पाळलेली, मला ती काही करत नाहीत. पण त्यातलं एकही त्याच्याजवळ पाठवायला हात धजेना. पोर अंधाराला भ्यायचं, माझ्यासारखंच. म्हणून कागद पांढरा ठेवला.” एवढंच बोलले आणि मेणबत्ती शोधायला लागले. केझाया, तुझ्या लेकराला बाबांनी काही दिलं नाही असं नाही. मी हे लिहितेय ते त्यांना ठाऊक नाही, स्वतः ते तुला कधी सांगणार नाहीत. तू ये. सायलस होता तेव्हा ती दोघं एकमेकांचा हात धरून कोळशाला उतरायची, तुला आठवत असेल. तो गेल्यापासून मी जाते बाबांसोबत, पण माझे गुडघे आता त्या पायऱ्या उतरत नाहीत.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई
थर्झा