ढिगातलं शिसं कुणाचं

३ जुलै २०२५, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. आमच्या कुकटपल्लीच्या कॉलनीमागे कचऱ्याचा जुना ढीग. त्याला लागून विकासचं बॅटऱ्यांचं दुकान. बॅटरी म्हणजे शिसं, शिसं म्हणजे विष. एवढं कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय हा माणूस माझ्या गेटसमोर ऑटो लावतो आणि चारचौघांत मला अंकल म्हणतो. पण वैयक्तिक काही नाही.
संकल्प : दसऱ्याआधी दुकान बंद.

६ जुलै
असोसिएशनची मीटिंग. माझा ठराव एकमताने पास (दोघे झोपले होते). ढिगातलं विष ज्याचं निघेल, त्याने ती माती स्वतःच्या हाताने उपसावी आणि कॉलनीची माफी मागावी. 'स्वतःच्या हाताने'वर अध्यक्ष कुरकुरले. मी हटलो नाही. विकास मागून म्हणाला, टेस्ट होऊ द्या ना, नक्को कोण म्हणतंय. चोराच्या उलट्या बोंबा.

१२ जुलै
दीपमाला आली. मातीतल्या जड धातूंवर पीएच.डी. करते. मी तीस वर्षं औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो हे सांगितलं. पॅकिंगला, हे सांगायची गरज नव्हती. तिने ढिगातून पाच जागची माती घेतली. तुलनेला स्वच्छ माती हवी म्हणाली. थेट गच्चीवर नेलं, माझा पालक दाखवला. गल्लीतल्या वीस गणपतींचं विसर्जन बारा वर्षं मी इथल्या ड्रममध्ये करतो, तळ्यात एक मूर्ती जाऊ देत नाही, गाळ वाफ्यात घालतो. त्यासाठी मिळालेलं पर्यावरण रक्षणाचं सर्टिफिकेटही दाखवलं. तिने वाफ्यातली माती दोन पिशव्या भरून घेतली. भारावली असावी. पालकाच्या दोन जुड्या दिल्या.

२२ जुलै
गणपतींची ऑर्डर दिली. शाडूच्याच, पण पितांबर झगझगीत पिवळं. ही म्हणाली, यंदा बिनरंगाच्या आणू. बिनरंगाचा गणपती आजारी दिसतो. येताना विकासने नमस्कार केला. मी केला नाही.

८ ऑगस्ट
रिपोर्ट आला. ढिगात जागा नंबर तीनला शिसं भरपूर. सत्याचा विजय.
त्याहून जास्त माझ्या वाफ्यात, असं लिहिलंय. लॅबने लेबलं बदलली. पॅकिंगमध्ये होतं असं. खरमरीत ईमेल टाकला.

११ ऑगस्ट
पुन्हा तपासलं म्हणे. आकडे तेच. म्हणजे मी फिरायला गेलो की विकास गच्चीवर येऊन काहीतरी टाकतो. दाराला कुलूप घातलं. ही हसली. हिला गांभीर्य नाही.

१२ ऑगस्ट
दीपमालाचा फोन. शिसं एकटं नसतं म्हणाली, सोबत कोण आहे त्यावरून घर कळतं. बॅटरीवाल्या शिशासोबत अँटिमनी असतं. इथे सोबत क्रोमियम आहे, म्हणजे बहुतेक पिवळा रंग. मी म्हणालो, विकासच्या दुकानाची पाटी पिवळी आहे. ती म्हणाली, पालक खाऊ नका, ज्यांना दिला त्यांनाही सांगा.
हिने शिजलेली पातळभाजी पातेल्यासकट बाजूला ठेवली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर मीटिंग. दीपमालाने नकाशा लावला. नंबर पाच विकासच्या दुकानाला लागून. तिथे विशेष काही नाही. नंबर तीन आमच्या मागच्या भिंतीखाली. इथे रंग कोण टाकतं, तिने विचारलं. ही म्हणाली, उरलेला गाळ हे दरवर्षी तिथूनच तर ओततात.
बेचाळीस वर्षांचा संसार.
मी म्हणालो, ठरावाचा अर्थ व्यापक घ्यायला हवा. अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला. फारच स्पष्ट लिहिला होता.

१६ ऑगस्ट
घरोघरी जाऊन पालक टाकून द्या सांगितलं. त्रिवेणीबाईंनी विचारलं, आमच्या नातीने दोन वर्षं खाल्ला त्याचं काय. सोमवारी तिच्या रक्ताची तपासणी. मी सोबत जाणार आहे. भीती वाटते.

१७ ऑगस्ट, सकाळी ६.४०
माफी लिहून काढली. चार वेळा. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाचा तरी दोष निघत होता. पाचव्यांदा एकच ओळ.
बेल वाजली. विकास. हातात घमेलं, रबरी मोजे, मास्क. म्हणाला, अंकल, ठरावात काहीही असू द्या, मोजे घाला. माती न्यायला ऑटो आणलाय. गेटसमोर लावलाय.
लावू दे.