काला अंबला मान का वाकली नाही

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१९ जानेवारी

ती. कुमुदिनीआत्यास,
सुधन्वाचा साष्टांग नमस्कार (तूर्त मनातल्या मनात; शरीराला परवानगी नाही). तुमचे गुडघे कसे आहेत? इथे थंडी, धुकं आणि संताप, तिन्ही भरपूर.

संताप तुमच्यावर आहे. संक्रांतीला आम्ही दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला गेलो. फोटोत सगळ्यांच्या माना खाली आणि मी एकटा पतंग बघितल्यासारखा वर बघतोय. त्यावर तुम्ही घरच्या ग्रुपवर, अठ्ठावन्न माणसांसमोर लिहिलंत, "दिल्लीच्या खुर्चीचा माज! हुतात्म्यांपुढेही मान वाकत नाही!" आत्या, माज नव्हता हो, मानेचे स्नायू आखडले होते!

मान दिवाळीपासून दुखत होती. शेवटी धीरज (आमच्या सेक्शनमधला, रोहतकचा, सल्ला द्यायला सदैव तयार) म्हणाला, "सर, नस चढ़ गई है," आणि मला एका न्हाव्याकडे घेऊन गेला. न्हाव्याने माझं डोकं नळाच्या तोटीसारखं फिरवलं. कडाक्! ते दोघं खूश. दुसऱ्या सकाळी मान डावीकडे कलून, हनुवटी वर करून जागीच थिजली. मीटिंगमध्ये डायरेक्टरसाहेब नेमके उजवीकडे. "आप मुझसे नाराज़ हैं क्या?" अख्खी खुर्ची फिरवून मला "बिल्कुल नहीं, सर" म्हणावं लागलं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी संक्रांत. तुमची भाचेसून स्वरूपा जाऊ नका म्हणाली, तरी गेलो. बसच्या प्रत्येक धक्क्याला हुतात्मा होत गेलो, हे कुणी पाहिलं? स्तब्धतेच्या वेळी मान वाकवायचा प्रयत्न केला, तर कळ मस्तकात जाऊन डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारचे राजाभाऊ पाठीवर हात ठेवून म्हणाले, "समजू शकतो." ते फोटोत आलेलं नाही!

मग दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाई आधी न्हाव्यावर चिडल्या, मग माझ्यावर. नस-बीस काही चढत नाही. मान तासन्‌तास एकाच बाजूला वाकवली की स्नायू थकतात, दुखतात, आणि दुखतात म्हणून आणखी घट्ट होतात. आता गरम शेक, हलके व्यायाम, दर अर्ध्या तासाने उठणं आणि कॉम्प्युटर डोळ्यांच्या उंचीवर. (तो सेवानियमांच्या तीन जाड खंडांवर ठेवलाय. ते प्रथमच कुणाच्या उपयोगी पडले.) आज मान चार बोटं वाकली. तेव्हा ग्रुपवरचे शब्द त्याच अठ्ठावन्न जणांसमोर मागे घ्यावेत, ही विनंती नव्हे, मागणी आहे.

आपला,
सुधन्वा

ता. क. बाईंनी विचारलं, "एक ही तरफ़ झुककर करते क्या हैं आप?" खरं ते सांगितलं: रोज संध्याकाळी आत्यांचा फोन येतो, सव्वा तास चालतो, तो मी खांद्यात धरून भाजी चिरतो. त्यांनी हे ताबडतोब बंद करायला सांगितलं. गेले चार दिवस फोन उचलला नाही, तो राग नव्हे, उपचार होता. (मान दुखतेय हे दिवाळीपासून रोज सांगणार होतो, मध्ये बोलायला जागा मिळाली नाही.)

आणखी ता. क. फोन स्पीकरवर ठेवून बोला, असंही बाईंनी सुचवलं. पण निम्मं बोलणं स्वरूपाविषयी असतं आणि स्वरूपा समोरच बसलेली असते. तेव्हा आत्या, पत्रच लिहीत जा.