काकवीतला चमचा

संभाजीनगर, मे २०२४

प्रिय योगिनी,

काल टँकर आला. आपल्या मागची शेतं जाऊन प्लॉट पडल्यापासून रांग फार लांबते. तोच ड्रम भरला. तुझ्या आईला नेल्यावर शेजारच्या सारजा मावशींनी तो पालथा केला होता. मयताच्या घरातलं पाणी ठेवत नाहीत, म्हणाल्या. एवढ्या टंचाईतही कुणी अडवलं नाही. त्याआधी तू त्यातून लहानशी बाटली भरून पर्समध्ये टाकलीस. मी पाहिलं.

मागच्या दिवाळीत तू तुझ्या लॅबमधल्या जिवाणूंचं पोहणं समजावत होतीस. शेपटी वल्ह्यासारखी मारत नाहीत, स्क्रूसारखी फिरवतात, मुळाशी मोटर असते. चितेगावच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवली, त्यामुळे मला ते लगेच पटलं. पुढचं पटेना. लेथ बंद केली तरी लोखंड धरणारा चक फिरत राहतो, हात घालायला थांबावं लागतं. तू म्हणालीस, यांचं तसं नाही. इतक्या बारक्या जिवाला पाणीच घट्ट, शेपटी थांबली की तो जागीच थांबतो. आईनं काकवीच्या वाटीत चमचा फिरवून सोडला. तिथंच थांबला. "म्हंजे बसून खायला यांना बी नाय का गं? माझ्यावानीच!" किती हसलीस तू.

ती गेल्यावर वाटलं, घर थोडे दिवस जुन्या वेगानं चालेल. चाललं नाही.

तुझ्या सरांचा फोन आला होता. तू लॅबमध्ये जात नाहीस, ते जिवाणू बघवत नाहीत म्हणालीस म्हणे. आईला जुलाब कशानं झाले, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. बाटली तू अजून उघडली नसशील. त्यात काही दिसलं, तर पाणी उकळून पी एवढंच आईला फोनवर सांगितलं म्हणून स्वतःला खात बसशील. नाही दिसलं, तर तुझा विश्वास बसणार नाही. टँकरच्या पाण्याचा नमुना मी तपासायला दिलाय, ते गल्लीसाठी. मीही उकळूनच पितो.

आता हे कशासाठी लिहितोय ते सांगतो. तो ड्रम तेव्हा आईनंच भरला होता. पालथा व्हायच्या आधी मीही त्यातला एक तांब्या भरून कपाटामागं ठेवला. मावशींना माहीत नाही. मला एकट्याला तो ओतवत नाही. तुझी बाटली घेऊन ये, दारातल्या लिंबाला दोघं मिळून ओतू. मग तू लॅबमध्ये जा. तांब्यातलं पाणी निम्मं आटलंय. सगळं आटायच्या आत ये.

तुझी वाट बघणारा,
अण्णा